तारेच्या घासणीने धुतलेली गाडी

दादा,

गाडी बघून बाबांवर ओरडू नकोस. सकाळी त्यांनी ती भांड्यांच्या तारेच्या घासणीने धुतली. बॉनेटपासून डिकीपर्यंत नुसते ओरखडे आहेत. खाली पडलेला फडका पुन्हा गाडीला लावू न देणारे आपले बाबा! साबणाची बादली वेगळी, फडका खळबळायची वेगळी, हे आपल्याला कान धरून शिकवणारे बाबा!

"बाबा, हे काय केलंत?" मी ओरडलेच. तर हसून मला म्हणाले, "झाली बघा लख्ख, बाई. गाडी तुमचीच ना?"

त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जातेय. घरी थांबू नकोस, तडक तिकडेच ये. आणि आलास की आधी त्यांना तुझं नाव सांग.