आधी उठणाऱ्या फायलीची जागा

३ डिसेंबर, निमगाव

शबाना जुन्नरहून स्कूटीवर आली. चौथीला माझ्या वर्गात होती. कविता म्हणताना डोळे मिटायची. आता शाळांच्या जुन्या संगणकांसाठी प्रणाली तयार करतेय. अडलंय एकाच गोष्टीवर: कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, फायली कुठं ठेवायच्या. संगणक चालू केला की सगळ्यांत आधी कर्नल उठतो, मग बाकीच्यांना उठवतो.

"गुरुजी, मी ठरवीन तीच जागा सगळ्या शाळांत राहणार. मास्तर लोक काय बदलत न्हाईत."

मी म्हटलं, डिस्कच्या वेगळ्या लहान कप्प्यात ठेव. आमची ही कांद्याचं बी वेगळ्या बरणीत ठेवायची, फडक्यानं तोंड बांधून. शबानानं माझ्याच संगणकावर तसं करून दिलं. महिनाभर बघू म्हणाली.

११ जाने.

लहान कप्पा भरला. नवा कर्नल आला तरी जुना जात नाही म्हणे. संक्रांतीची आवराआवर चालूच होती. शबानाला फोन करायला हवा होता, केला नाही. पासवर्ड होता माझ्याकडे. मोठ्या कप्प्यात ऐसपैस जागा. तिथंच हिच्या कविता आहेत, शाळेतल्या, हिच्या आवाजात. जायच्या आधीच्या दिवाळीत भरून ठेवलेल्या. सगळे कर्नल उचलून त्याच फोल्डरात नेले. बरं वाटलं. सोबत झाली.

१२ जाने.

संगणक उठेना. काळा पडदा, इंग्रजीत एक ओळ: फाइल सापडत नाही. हिचा आवाज आत, मी बाहेर.

चहा करायला गेलो. सूनबाईनं डबा ओट्याखाली हलवलाय. माझा हात अजून खिडकीजवळच्या फळीवरच जातो. हिला जाऊन दोन वर्षं झाली.

दिवसभर एक कडवं आठवत होतो, ही दुसऱ्या ओळीला अडखळून हसते ते. ओळ आठवली. हसणं...

१४ जाने. संक्रांत

शबाना आली. तिळगूळ दिला. काळा पडदा बघितला, मग हसायला लागली.

"कर्नल कवितांत नेऊन बसवला तुमी?"

"जागा होती गं."

"तुमाला दिसती. त्याला सांगितलंय तिथंच बघतो तो. न्हाई दिसलं की बसला."

पेनड्राइव्ह लावून तिनं संगणक उठवला. आवाज आहे. सगळ्या आहेत. मी चष्मा पुसत बसलो.

"डिस्क म्हातारी झालीय, गुरुजी. खरखर ऐका. आधी कवितांची कॉपी, मग कर्नल हलवू. तोवर बंद करू नका."

जागाही ठरवली तिनं. कर्नल मोठ्याच कप्प्यात राहणार, त्याच्या स्वतःच्या खोलीत. लहान कप्प्यात फक्त त्या खोलीचा पत्ता. "तुमच्यासारखं कुणी आवरायला लागलं तरी भरणार न्हाई." पहिली परीक्षा माझ्याच संगणकावर. बियाण्याची बरणी हरली. वाईट नाही वाटलं.

१५ जाने.

सकाळी चहाचा डबा परत खिडकीजवळच्या फळीवर. सूनबाईनं ठेवला. मी उचलून ओट्याखाली ठेवला.

"राहू द्या ना आप्पा, तुम्हाला सापडत नाही."

"आता आधी तू उठतेस. जागा तू ठरव. मी शिकेन."

तिनं आधण ठेवलं. साखर जरा जास्त पडली चहात.

कॉपी निम्म्यावर आहे. हसण्याची कविता अजून यायचीय. कॉपी मधेच थांबते, परत हलते. शबाना दुपारी येते म्हणाली. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केलाय. खरखर ऐकत बसलोय.