एअर फिल्टरचं झाकण

औराद, मंगळवार, संध्याकाळ

माझा थोरला भाऊ अण्णा जाऊन दोन महिने झाले. त्याची जुनी टर्बो डिझेल गाडी आता मी रोज कामाला नेतो. चढावर दमते, एवढंच दाजींना बोललो होतो. त्यांनी न विचारता बिदरला नेऊन काम करून आणलं.

"कमी खर्चात झालं. टर्बोला मोकळी हवा मिळायलीय. बघ, कशी पळायलीय."

बॉनेट उघडलं. फिल्टरचा डबाच काढून तिथं उघडा फिल्टर बसवलाय. डब्याच्या झाकणावर अण्णा दर सर्व्हिसची तारीख मार्करनं लिहायचा. त्याचं अक्षर घरात दुसरीकडं कुठंच नाही.

"झाकण कुठाय?"

"भंगारात टाकलं की. त्याचं काय लोणचं घालतूस?"

गाडी खरंच चांगली पळते, त्याचाच जास्त राग येतो. पण ते झाकण.

निघताना दाजींनी उद्या उदगीरला जायला गाडी मागितली.

"आधी झाकण शोधून आणा, दाजी. मग चावी."

"एवढ्याशा झाकणापायी?"

"व्हय."

ते चालत बसस्टँडला गेले. मी थांबवलं नाही.