दगडी दारातले बूट

अप्पा, जयभीम.

माझ्याकडे आयर्लंडला आलात, तेव्हा सहलीत गाडीतून हिरवे डोंगर बघून तुम्ही म्हणालात, "आपलं पोलादपूरच हाय गो." मग त्या हजारो वर्षांच्या दगडी थडग्याच्या दारात, आपल्या महाडजवळच्या गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यात शिरताना काढता तसे, तुम्ही बूट काढलेत. "माणसं निजलीत ना गो आत?"

सोबतची माझ्या ऑफिसची मंडळी हसली. मी तुम्हालाच दटावलं, "अप्पा, माझी लाज काढू नका." ओल्या मोज्यांवर तुम्ही बूट चढवलेत.

तुम्ही महाडला परतल्यावर काल मी एकटीच तिथे गेले. दारात वाकून एक बूट काढला. मागून लोक आले, तसा परत घातला.

हे पत्रही बहुतेक पाठवणार नाही.

तुमचीच,
दीप्ती