कूपनावरची वेल

९ मे १९७८, सोलापूर

अण्णाचं इंग्लंडहून पत्र आलं. तिकडं उन्हाळ्यात फुटबॉल बंद, म्हणून पैजेच्या कूपनावर ऑस्ट्रेलियातले सामने छापतात. जे बरोबरीत सुटतील वाटतं, त्यांच्यापुढं फुली मारायची. आम्हा भावंडांचे वडील, आप्पा, इथून फुल्या मारून त्याला पाठवायचे. जन्मभर चौकटीच्या कागदावर चादरींची नक्षी काढलेला माणूस, त्यांना संघांचं काय? फुल्यांची वेल उमटली की झालं. मी हसले की म्हणायचे, "जिकायचं ऱ्हाऊ दे की. वेल तुटाय नको."

आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. अण्णा अजून तीच वेल भरतो, हे आज कळलं. आता म्हणे ऑस्ट्रेलियातल्या लीग बदलल्या, यादी आखूड झाली, वेल खाली तुटते. "तू नवीन काढून पाठव."

मी? आप्पांनी मला कधी पेन्सिल धरू दिली नाही. मुलींनी नुसत्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. रागच आला. तरी त्यांचा चौकटीचा कागद काढून बसले. चारदा खोडलं. शेवटी वेल तुटते तिथंच फुल्यांची एक कळी काढली.

आप्पा म्हणाले असते, खोड.

नाही खोडली.