चार पटीची दुर्बीण

बापू, काल भावाचा फोन आला होता. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेत वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही, नवी घ्यायची आहे म्हणाला. "ताई, तूच सांग, कोनती लेऊ? महाग नको." तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि बंदूक ज्याच्या नावावर आहे तो अजून मलाच विचारतो. हसू आलं, मग राग आला, आणि शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून मी तळोद्याच्या माझ्या घरात तुम्हाला लिहायला बसले.

त्याला आपला तापीकाठचा ऊस कधी राखावाच लागला नाही. बंदुकीच्या आवाजाने कानात दडे बसतात म्हणायचा. रानडुकरांनी ऊस लोळवला की तुम्ही वनखात्याचा परवानगीचा कागद काढून आणायचात आणि उजाडता उजाडता मचाणावर तुमच्याशेजारी मी असायचे. कुणी शिकार म्हटलेलं तुम्हाला खपत नसे, ही राखण आहे म्हणायचात. पहिल्या दिवशी मी घाईघाईने नेम धरला तर तुम्ही नळी हाताने खाली दाबलीत. "नेम नंतर. आधी मांगे काय शे ते देख." मागे, उसाच्या पलीकडे, तोडणीवाल्यांच्या झोपड्या होत्या. त्यानंतर मी मागचं बघितल्याशिवाय कधी घोड्याला बोट लावलं नाही. पारावर चार माणसांत तुम्हीच म्हणाला होतात, माझ्यामागे बंदूक पोरीकडे जाईल. लोक हसले होते. तुम्ही हसला नव्हतात, म्हणून मी ते खरं धरलं.

मग तुमची नजर अधू झाली, नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी दिसेना. आपण तिघं एसटीने धुळ्याला गेलो. दुकानदार शेठ तीन दुर्बिणी काढून काचेवर ठेवतो. नऊ पट मोठं दाखवणारी, आत लाल दिवा लागणारी, तिच्यावर भावाचा जीव जडतो. मी तिन्ही घेऊन दारात जाते आणि समोरच्या दुकानाच्या छपराखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बघते. नऊ पटीचीत सगळं काळं होतं, शिवाय डोळा अगदी काचेला चिकटवावा लागतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. असली लावली तर धक्क्याने भुवई फुटायची. साधी, चार पटीची, सगळ्यात स्वस्त, तिच्यात मात्र कोपऱ्यातली पोती मोजता येतात. आपलं डुक्कर साठ पावलांवर आणि उजेड पहाटेचा, आपल्याला मोठं नाही, उजळ दिसायला हवं, असं मी म्हटलं. तुम्ही शेठला म्हणालात, "पोरगी सांगस तीच दे." येताना ते खोकं तुम्ही माझ्याच मांडीवर ठेवलंत. तीन गोळ्यांत मी ती बंदुकीवर जुळवून दिली. माझ्या लग्नानंतरही नेम सरकला की तुम्ही निरोप धाडायचात आणि मी यायचे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी अखाजीच्या सणाला मी माहेरी आले होते. आई चुलीपाशी, मी सांजोऱ्या लाटत होते, हात पिठाने भरलेले. तुम्ही कागद घेऊन आलात, ओट्यावर ठेवलात, वर आपला पंजा पसरलात आणि खालची मोकळी जागा दाखवलीत. "आठे सही कर."

"कसाना कागद शे?"

"मीटरना."

मी सही केली. दोन महिन्यांनी परवाना भावाच्या नावावर झाला, बाकीच्या वारसांची ना हरकत जोडून. तुम्ही पेढे वाटलेत, मला ते फोनवर कळलं. केसाने गळा कापलात, बापू. बंदुकीचं काय, लोखंड आहे ते. पण सरकारच्या कागदावर तुमच्या राखणीचा वारस कोण, हे लिहायची एकच वेळ होती, आणि तेव्हा तुम्हाला पंजा आडवा लावावासा वाटला. समोर बसवून म्हणाला असतात, पोरी, लोक काय म्हणतील, मुलाच्या नावावर करतो, तर मी रडले असते, भांडले असते, आणि सही दिली असती. तुम्ही त्यानंतर दोन वर्षं होतात. मी आले की पिकाचं बोलायचात, पावसाचं बोलायचात, जावयाच्या बदलीचं बोलायचात.

भावाला मी सकाळी सांगून टाकलं. चार पटीचीच घे, दारात जाऊन अंधारात बघ, डोळा चार बोटं लांब ठेव. मुद्दाम चुकीची सांगावी असं रात्रभर मनात होतं, पण मग उसामागच्या झोपड्या आठवल्या.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ठेवते इथेच, वह्यांखाली. फक्त एक कबूल करायचं राहिलंय. आईला, भावाला, घरच्या सगळ्यांना मी इतकी वर्षं सांगत आले की तुम्ही मला फसवून सही घेतलीत. तुमचा पंजा एवढा मोठा नव्हता, बापू. तुमच्या बोटांमधून मला 'ना हरकत' दिसलं होतं, भावाचं नाव दिसलं होतं. तुम्हाला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तुम्हाला पकडायची लाज मलाच वाटली.