मुळासकट

सोमवार, ५ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाटाचं दार वाकवलं आणि वर मलाच ऐकवलं, की ते आधीपासूनच वाकडं होतं. भांडले नाही, कारण घर बघूनच जीव हरखला होता. दोनच खोल्या, पण दोन्हींत भरपूर उजेड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं, म्हणजे भुंगा डबा विसरली तर वरून ओरडून सांगता येईल. भुंगा म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. दिवसभर कानाशी गुणगुण असते म्हणून तिच्या बाबाने हे नाव ठेवलं. तो गेल्या वर्षी गेला. त्याबद्दल इथे लिहायचं नाही, असं ठरवून ही वही घेतली आहे. बघू.

घरमालकीण काकू खालीच राहतात. शाळा सुटल्यावर भुंगाला त्या सांभाळणार. तुला काय काय येतं गं, असं त्यांनी तिला विचारलं, तर म्हणाली, मला आईला हसवता येतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकी उघडायला वळले.

बुधवार, ७ फेब्रुवारी

काम आवडलं. आम्ही दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरवर पडद्यामागे जे प्रोग्रॅम सतत चालतात त्यांना सेवा म्हणतात. एक मेल पोचवते, एक छपाई बघते, एक नुसतं घड्याळ जुळवत बसते. त्या सुरू करायला, बंद करायला, कशा आहेत ते बघायला इथे घरीच बनवलेलं एक साधन आहे, त्याचं नाव कारभारी. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप केला की कारभारी कामाला लागतो. त्याला सुधारायला मला घेतलं आहे.

सुधारायला वाव आहे म्हणजे काय, आहेच. एखादी सेवा ठीक आहे का एवढंच विचारा, तर हा रामकहाणी सुरू करतो. आणि काही बंद करायला सांगितलं की उलटतपासणी. हिच्यावर कोण विसंबून आहे? त्यांना विचारलं का? नक्की? प्रत्येक वेळी ‘हो’ टाइप करा. कारभारी लिहिला आमच्या साहेबांनी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा नियमच आहे, की सेवा बंद करण्याआधी तिच्यावर विसंबलेल्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन तोंडाने विचारायचं. फोन चालत नाही. त्यामुळे दिवसभर माणसं एकमेकांकडे जाऊन ‘बंद करू का?’ विचारत हिंडतात. बघून हसू येतं.

शेजारच्या टेबलावर थंडोबा असतो. नाव मी ठेवलेलं नाही, सगळेच म्हणतात. त्याला राग येत नाही. कशाचाच येत नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कारभारी आता माणसात आला. चालू सेवा हिरवी, बंद ती राखाडी, बिघडलेली लाल. बिघाड का झाला तेही दोन ओळींत सांगतो. अण्णा खूश. प्रश्नांना मात्र हात लावू नकोस म्हणाले. मी मान डोलवली आणि फक्त माझ्यापुरती एक सोय करून घेतली, की सगळ्या प्रश्नांना आपोआप ‘हो’ जावं. या धंद्यात सगळेच करतात. दिवसभर हो-हो टाइप करून बोटं मोडायची का?

जेवणाच्या सुट्टीत मात्र आजही जिन्यात जाऊन बसले. याच वेळेला त्याचा फोन यायचा. जेवलीस का, एवढंच विचारायचा. त्यावर मी कधीकधी वैतागायचेसुद्धा. घास उतरत नाही. रोजचंच झालं आहे. लिहायचं नाही म्हटलं होतं, तरी लिहिलं.

थंडोबाने माझे डोळे पाहिले असावेत. म्हणाला, त्याची आई गेली त्या दिवशी तो दुपारनंतर ऑफिसला आला होता. घड्याळात किती वाजले हे सांगावं, तसं सांगितलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

विचित्र प्रकार. सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं असतं आणि त्या खात्याच्या स्वतःच्या अशा काही सेवा असतात. नवा कारभारी तपासायला मी माझ्याच खात्याची यादी काढली. दोन-चार ओळखीच्या निघाल्या. त्यांच्याखाली कितीतरी बिननावाच्या, सगळ्या हिरव्या. अण्णांना विचारलं तर म्हणाले, त्या बघायच्या, हात लावायचा नाही. मग पाणी प्यायला उठून गेले.

जेवणाच्या सुट्टीत घशाशी आवंढा आला, आणि त्यातली एक ओळ लाल झाली. डोळे पुसले, ती पुन्हा हिरवी. भुंगाने काढलेलं चित्र डब्यात सापडलं, तिघांचं, की पुन्हा लाल.

मी ती बंद केली. आवंढा गेला. खरंच गेला! जेमतेम पोळी मोडेपर्यंत. मग ती सेवा आपली आपण सुरू झाली आणि मी पुन्हा जिन्यात.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

अशा सेवांना इथे चिवट म्हणतात. बंद करा, कुणीतरी त्यांना पुन्हा उठवतं. त्यावर उपाय करायचाच होता, माझ्या कामाच्या यादीत तो होताच. सकाळपासून बसून नवा हुकूम लिहिला. चिवट सेवेला कोण उठवतं ते शोधायचं, त्याला बंद करायचं, त्याच्यामागे कोण आहे ते शोधायचं, असं करत थेट तळापर्यंत. नाव दिलं ‘मुळासकट’.

माझ्यावर चालवला. कारभारीने प्रश्न विचारले असणार, बरेच. ‘हो’ आपोआप जात होतं. ओळी भराभरा वर सरकल्या, वाचल्या नाहीत.

जेवले. पूर्ण डबा संपवला. वर थंडोबाची भाजीही घेतली.

रविवार, १८ फेब्रुवारी

घर आवरलं. त्याचा निळा शर्ट उशीखाली असायचा, फरशी पुसायला काढला. कापड चांगलं आहे, पाणी छान शोषतं. भुंगाने ते पाहिलं आणि खूप रडली. मी पुसत राहिले. नंतर तिने नाकावर चमचा चिकटवून दाखवला, उलटं चालून दाखवलं. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुला हसवतेय.

मी तिला सांगितलं, की चमचा धुऊन ठेव.

मंगळवार, २० फेब्रुवारी

शाळेपाशी रस्ता ओलांडताना भुंगाने माझा हात सोडला. टेम्पो करकचून थांबला, तिच्या दप्तराला घासून. लोक धावले. एक बाई रडायलाच लागली. मी उभी होते. छाती धडधडली नाही. टेम्पोचा एक दिवा फुटका आहे, हे लक्षात आलं.

भुंगाने विचारलं, आई, तू घाबरली नाहीस?

घरी आल्यावर तिच्या डोक्याचा वास घेऊन पाहिला. शाम्पूचा येतो. पूर्वी त्या वासाने पोटात काहीतरी व्हायचं, हे मला आठवतं. माहिती म्हणून आठवतं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

‘मुळासकट’ने काय काय बंद केलं ते आज वाचलं. आवंढ्याला उठवणारी एक सेवा होती. ती त्याच्या आठवणीने जागी होते. ती तशी भुंगाच्या आवाजाने, भुंगाच्या वासानेही जागी होते. दोघांसाठी एकच होती. भीती तिच्यावर उभी होती, हसू तिच्यावर, काळजी तिच्यावर. सगळं राखाडी.

अण्णांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, म्हणून तर प्रश्न घातले होते. सुरू करायचा हुकूम साधा आहे, पण ज्याची सेवा त्यानेच द्यावा लागतो, आणि तसं मनापासून हवं असावं लागतं, नाहीतर ती उठत नाही. हवंसं वाटणं नेमकं त्याच सेवेतून येतं. थंडोबाने कितीदा हुकूम दिला, उपयोग नाही. मी विचारलं, मला आधीच नीट का नाही सांगितलं? ते म्हणाले, पूर्वी सगळ्यांना सांगायचो, रात्र रात्र झोप यायची नाही. मग एकदा हाताने एकेक करत स्वतःचंही तळापर्यंत बंद केलं. आता राहून जातं.

हुकूम दिला. राखाडी. पुन्हा दिला. राखाडी.

वाईट वाटायला हवं होतं—

शनिवार, २४ फेब्रुवारी

काकू वर आल्या होत्या. बोलल्या बरंच. पोर रोज त्यांच्याकडे रडते म्हणे. आईच्या जागी दुसरी कुणी आणून ठेवलीय, असं म्हणते. जेवत नाही. काकूंचा आवाज चढला, तुझ्या पोटची आहे ना गं ती? मी हो म्हटलं. आहेच.

स्वयंपाक करते. वेणी घालते. गृहपाठ बघते. काही चुकत नाही—

ती कुशीत येते. मी हात ठेवते. हात कुठे ठेवायचा ते आठवून—

रविवार, २५ फेब्रुवारी

दुपार. भुंगा विचारते, तुझं कसं दुखायचं थांबलं. सांगितलं. खोटं सांगायचं कारण सुचलं नाही.

म्हणाली, मग माझंही थांबव.

नको म्हणायला काहीतरी लागतं. शोधलं. तिथे काही—

ऑफिसचा लॅपटॉप घरीच आहे. तिच्या नावाचं खातं उघडलं. सोपं असतं.

यादी आली. केवढ्या हिरव्या ओळी! माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. ती मांडीवर बसून बघतेय. एक लाल आहे. तीच रडवते म्हटलं. बंद केली तर परत उठतेय. चिवट.

तिला कोण उठवतं, विचारते. पाहिलं. मी.

भुंगा म्हणाली, ती बंद केली तर तू मला आवडणार नाहीस? बहुतेक नाही, म्हटलं. मग तिने विचारलं, पण दुखणार नाही ना?

नाही.

तिचं आहे, तिनेच करावं म्हणून कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. ‘मुळासकट’ एकेक अक्षर शोधून टाइप केलं तिने. आता एकच बटण राहिलं, पुढे ‘हो’ आपोआप जाईल. बोट वर धरून माझ्याकडे बघतेय. मी काही म्हणते का, याची वाट बघतेय.

थांब. एवढंच म्हणायचं आहे. शब्द येतो मला. इथे लिहिला. आता तोंडाने—

ती स्क्रीनकडे वळली. बोट खाली—

थां