फाटकातून निघणारी मुलगी

प्रिय बाळ्या,

शाळांच्या बसगाड्यांचा मोठा साहेब झालास तरी मी तुला बाळ्याच म्हणणार. फोन केला असता, पण तू ‘ताई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि मला नीट ओरडताच येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारमारून माझं अक्षर वळणदार केलं. ते आज तुझ्यावर खर्च करते आहे.

माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझी दाढ कशी आहे? त्या दाढेपायी तू माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा सकाळी फाटकाशी एक मुलगी पाहिलीस. चौथीतली, वेण्या घट्ट, बूट दोन मापं मोठे. नाव तिने सांगितलं होतं, पण मी तिला फाटकवालीच म्हणायची. मायलेकी बेघर लोकांच्या निवाऱ्यात राहायच्या, आपल्या गल्लीमागच्या जुन्या गोदामात. आई इस्पितळाच्या चादरी धुवायची, पहाटेच कामावर जायची. बस आधी निवाऱ्याच्या दारातच थांबायची आणि ही चढली की आत बसलेली पोरं नाकं दाबायची. म्हणून ही चालत माझ्या घरापर्यंत यायची, फाटकातून गुपचूप आत शिरायची, आणि बसचा आवाज आला की मागे कडी लावून ऐटीत बाहेर पडायची. वर रिकाम्या खिडकीकडे बघून हात हलवायची, जणू घरातलं कुणी निरोप द्यायला उभं आहे.

पहिल्यांदा पकडली तेव्हा मी खेकसले, ही काय बाग वाटली का तुला? तर म्हणते, आजी, बस येईपर्यंतच, मग लगेच जाते. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहिले, तर तिने खालून मलाच दटावलं: नुसत्या काय बघता पोलिसासारख्या, हात हलवा ना! हलवला बाबा. मग मलाही चेव चढला. सगळ्या बसला ऐकू जाईल अशी मी ओरडायची, स्वेटर घाल गं, सरळ घरी ये गं. एकदा ‘डबा विसरलीस’ असं ओरडून बसले आणि ती खरोखर हात पुढे करून उभी राहिली. तेव्हापासून रोज डबा भरणं आलं. नवऱ्याच्या मागे इतक्या वर्षांनी या घरातून सकाळी कुणीतरी डबा घेऊन बाहेर पडत होतं.

हे सगळं मी तुला चहा पिताना हसत हसत सांगितलं. मी बहीण म्हणून सांगितलं आणि तू साहेब म्हणून ऐकलंस. माझं आम्लेट चापून गेलास आणि पुढच्या आठवड्यात बस फाटकापाशी थांबेनाशी झाली. ड्रायव्हर भला माणूस. मान खाली घालून म्हणाला, मावशी, वरून हुकूम आहे, मूल राहतं तिथूनच घ्यायचं. आता गंमत ऐक. त्याच सुमारास निवाऱ्याने त्या दोघींना पुलापलीकडच्या दुसऱ्या जागेत हलवलं. तिकडे या शाळेची बस जातच नाही. म्हणजे राहते तिथून बस नाही, आणि बस आहे तिथे ती राहत नाही. तुमच्या ऑफिसात हे ज्याने जुळवलं त्याला माझ्याकडे शिकवणीला पाठव.

पोरगी तरीही आली. त्या पुलावर फुटपाथ नाही, कठड्याला चिकटून ट्रकांच्या वाऱ्यात चालत आली. फाटकाच्या आत उभी राहिली, कडी हातात धरून. बस समोरून गेली, खिडक्यांतून तोंडं वळली. मी वर हात उचलून तशीच उभी. तिने मात्र त्या दिवशी हात हलवला नाही. त्या दिवसापासून मी टॅक्सी करून तिला शाळेत सोडत राहिले. एकदा वाटेत ती म्हणाली, आजी, आत्तापर्यंत आमची घरं किती बदलली ते मला आठवत नाही, शाळा मात्र एकच आहे. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मग ती यायची थांबली. मी पुलापलीकडे गेले. तिथला रखवालदार म्हणाला, पुन्हा हलवलंय, कुठे ते आम्हाला सांगत नाहीत. इस्पितळात गेले, तर आईने काम सोडलेलं. शाळेत बाईंनी तिचं बाक दाखवलं. आणखी काही दिवस गैरहजर राहिली तर पटावरून नाव जाईल, म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात काय?

तू वाईट नाहीस, बाळ्या. लहानपणी पडलेलं पाखरू खिशात घालून वर्गात आणणारा तूच. म्हणून हे लिहिते आहे. पत्त्याशिवाय तुझं पान हलत नाही ना? मग आता त्या पोरीचा पत्ता शोधून काढ. निवारेवाले मला दारात उभं करत नाहीत, तुझा फोन उचलतील. वरची खोली, जिला आपण अजून तुझी म्हणतो, ती मी मोकळी केली आहे. तुझी ट्रंक जिन्याखाली ठेवली आहे. दोघी मायलेकी तिथे राहतील, आणि मग तुझ्याच नियमाने बसला या फाटकाशी थांबावं लागेल. नाव कापलं जाण्याआधी तिला घेऊन ये. नाही जमलं तर एकटा येऊ नकोस. त्या खिडकीत तुझ्याशेजारी उभं राहणं मला जमणार नाही.

तुझीच, अजून तरी,
ताई